आमची कॉलेजातील मुले काय वाचतात?

शिंदखेडा तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचे पत्र आम्हांकडे आले आहे. पत्र लहान आहे, पण त्यातील प्रश्न लहान नाही. त्यांचा मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षास आहे. सकाळी एस.टी.ने जातो, दुपारी परत येतो, चार वाजेपर्यंत शेतात बापाच्या हाताशी असतो व रात्री जेवण झाले म्हणजे पुस्तक घेऊन बसतो. असा मुलगा पोटी आला म्हणून कोणत्याही बापास समाधान वाटावे. परंतु एके दिवशी घरी आलेल्या एका शहाण्या पाहुण्याने ते पुस्तक उलटेपालटे करून पाहिले व निकाल दिला की, ही तर कादंबरी. हा अभ्यास नव्हे. तेव्हापासून घरात रोज कटकट आहे. पत्रकर्ते आपल्या अहिराणीत लिहितात, "आंडोर गोष्टीज वाची ऱ्हायना." कापूस विकून फी भरली ती गोष्टी वाचण्याकरिता की काय, असा त्यांचा आम्हांस रोखठोक सवाल आहे.

हा सवाल एकट्या त्यांचाच नाही. शिंदखेडा, नरडाणा, दोंडाईचा या पट्ट्यात ज्या ज्या घरातून पहिलेच पोर कॉलेजची पायरी चढले आहे, त्या त्या घरात तो कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा आहे. आईबाप शिकलेले नाहीत. मुलगा जे वाचतो ते उपयोगाचे की बिनउपयोगाचे हे त्यांस कळावयाचे कसे? पुस्तक जाड असले व त्यात आकडे असले म्हणजे ते चांगले, आणि वाचताना पोर हसले किंवा डोळे पुसू लागले म्हणजे ते वाईट, अशी एक मोजणी घरोघर चालू आहे. ही मोजणी खोटी आहे, व तिने आमच्या मुलांचे नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खानदेशास स्वतःचे विद्यापीठ मिळून अजून दोन पिढ्यादेखील झालेल्या नाहीत. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. तोपर्यंत धुळे-जळगावची कॉलेजे पुणे विद्यापीठाच्या दावणीस बांधलेली होती. २०१८ साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांस लिहितावाचता येत नव्हते. जाते ओढताना, शेतात खुरपताना त्यांच्या तोंडून जे निघाले ते मुलाने व आप्ताने कागदावर उतरून घेतले, आणि १९५१ साली त्या वारल्यावर दुसऱ्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. अक्षरशत्रू म्हणून जिला कोणी कॉलेजच्या फाटकातही उभे केले नसते, तिच्या नावाचा शिक्का आज आमच्या पोरांच्या पदवीवर बसतो. हे विद्यापीठ पुस्तकाच्या बळावर उभे राहिलेल्या घराण्यांचे नाही. ऐकून शहाणे झालेल्या घराण्यांचे आहे. त्या घरांत वाचन नव्याने आलेले आहे, तेव्हा कोणते वाचन खरे व कोणते खोटे याचा फैसला इतक्या घाईने करू नये.

आता कादंबरीवरील आरोप घेऊ. कादंबरीने पोरे बिघडतात हे ओरडणे आजचे नाही, ते कादंबरीइतकेच जुने आहे. आणि एके काळी त्यात पुष्कळ तथ्यही होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. तिच्यात विधवांच्या हालांची कथा होती, म्हणजे आरंभ चांगला होता. परंतु लगोलग १८६१ साली 'मुक्तामाला' व १८६८ साली 'मंजुघोषा' आली, आणि मग राजपुत्र, राजकन्या, अरण्ये, भुयारे व अद्भुत योगायोग यांचा असा पूर लोटला की, त्यात नांगर धरणारा, चाक फिरविणारा, ऐरणीवर घण घालणारा माणूस कोठे दिसेना. ज्या देशात दर पाचदहा वर्षांनी दुष्काळ पडत होता त्या देशाच्या गोष्टीत कोणी उपाशी म्हणून नव्हते. अशा कादंबऱ्यांस आमच्या वाडवडिलांनी नाके मुरडली असतील तर त्यांस दोष कोण देईल?

पण म्हणून त्यांनी गोष्टच टाकून दिली काय? मुळीच नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण पाहावे. विद्यार्थिदशेत, १८४७ च्या सुमारास, त्यांनी टॉमस पेन या इंग्रज ग्रंथकाराचे मनुष्याच्या हक्कांविषयीचे पुस्तक वाचले. हे पुस्तक गोष्टीचे नव्हे, निखळ विचाराचे. त्या एका वाचनाने त्यांच्या आयुष्यास कसे वळण लागले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेच जोतीराव १८५५ साली जेव्हा पहिल्याने लेखणी हाती घेतात तेव्हा काय लिहितात? निबंध नाही, अर्ज नाही, हिशेब नाही. ते 'तृतीय रत्न' हे नाटक लिहितात. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, ग्रहांची भीती घालून त्यांस लुबाडणारा जोशी, मध्येच बोलणारा विदूषक, आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जाण्याचा त्या नवराबायकोचा निश्चय, अशी ती गोष्ट. दक्षिणा प्राइझ कमिटीने ती नाकारली व पुढे सव्वाशे वर्षे, १९७९ पर्यंत, तिला छापखान्याचे तोंड दिसले नाही. मग १८७३ त 'गुलामगिरी' आली व १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड'. 'असूड' म्हणजे शेतकऱ्याच्या दैन्याचा ताळेबंद. सारा, कर्ज, कोर्टकचेरी, जंगल, पाणी, सर्व एकेक खाते उघडून दाखविलेले. ज्याने असूड ओढला त्यानेच आधी गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्याचे कान कशाने उघडतात व डोके कशाने चालू लागते, हे जोतीरावांस पक्के कळत होते.

त्यांच्या अनुयायांचेही तसेच. 'दीनबंधु' पत्र काढणारे कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या दुष्काळावर 'बळीबा पाटील' ही कथा रचली. मराठीत कुणब्याचे घर कादंबरीत आले ते हे. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालविला, तोही पुण्यामुंबईत नव्हे, तर नगर जिल्ह्यातील खेड्यात बसून. आणि अग्रलेखाच्या जोडीला 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' सारखी गोष्ट लिहून वाचकास हसविलेही. चावडीवर किंवा पारावर एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, अशी ती पत्रे वाचली जात. कोणी म्हणाले नाही की, अग्रलेख तेवढा अभ्यास आणि गोष्ट म्हणजे उनाडकी.

आणि ताराबाई शिंदे! जळगावच्या शेजारच्या बुलढाण्याची ही मराठ्याची लेक. १८८२ साली तिचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक निघाले. निबंधच तो, पण काय धार आहे! ज्या सभ्य गृहस्थांनी कादंबऱ्यांत व नाटकांत बायका खोट्यानाट्या रंगविल्या, त्यांचा तिने नाव घेऊन समाचार घेतला आहे. आता विचार करावा की, तिच्या बापाने 'पोरी, गोष्टी वाचू नकोस' म्हणून ती पुस्तके हिसकावून घेतली असती, तर हा निबंध झाला असता काय? कादंबरी वाचून जिला राग आला, तिने निबंध लिहिला. पुष्कळ वेळा चांगल्या विचाराचा जन्म वाईट गोष्टीच्या रागातून होतो. आमच्या मुलींच्या हातून कादंबरी काढून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे विशेषेकरून लक्षात ठेवावे. मुलाची कादंबरी म्हणजे वेळेचा नाश, एवढेच म्हणून लोक थांबतात. मुलीची कादंबरी म्हणजे घराण्याचा नाश, असे समजतात. ताराबाईस जाऊन शंभरावर वर्षे झाली, पण ही समजूत मात्र अजून धडधाकट आहे.

धुळ्याचेच आणखी एक उदाहरण आहे, व ते आमच्या विरुद्ध पक्षाचे आहे म्हणून मुद्दाम देतो. इतिहासाचार्य राजवाडे यांचा अंत धुळ्यास १९२६ च्या अखेरीस झाला. त्यांच्या नावचे संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षी तेथे स्थापन झाले. त्यांच्या मतांशी ब्राह्मणेतर मंडळींचे कधी जमले नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' लिहिला तो त्यांच्यावरच. पण जुन्या कागदांच्या बाडांत जन्म घालविलेल्या, पुराव्यावाचून एक शब्द न बोलण्याची प्रतिज्ञा केलेल्या या माणसाने १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर मोठा निबंध लिहिला, तो कादंबरी हा टाकाऊ प्रकार आहे म्हणून नव्हे. ती कशी असावी याची त्यास चाड होती म्हणून. दस्तऐवजाची किंमत जो जाणतो तो गोष्टीची किंमत कमी करीत नाही.

परदेशाकडे पाहिले तरी हेच दिसते. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांस मुक्त केले होते. ते काम कोणत्या पुस्तकांनी केले? १८४५ साली फ्रेडरिक डग्लस या पळून सुटलेल्या गुलामाने आपली खरी हकीकत लिहिली. १८५२ साली स्टो बाईंनी 'टॉमकाकाची कोठी' ही कल्पित कथा लिहिली. एक खरी, एक रचलेली. पहिलीने साक्ष दिली, दुसरीने घरोघर बायकामाणसांस रडविले. यांतली कोणती नसती तर चालले असते, हे आम्हांस तरी सांगता येणार नाही. बाकी कादंबरी वाचल्याने मनुष्य दयाळू होतो असे यंत्राच्या तराजूत मोजू पाहणारे पंडितही आहेत. २०१३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात तसा एक प्रयोग गाजला. पुढे इतरांनी तोच करून पाहिला तर परिणाम हाती लागेना. तेव्हा त्या आधारावर आम्ही कादंबरीची वकिली करीत नाही.

वकिलीस दुसरा मुद्दा पुरेसा आहे. आजच्या मराठी कादंबरीत आमचे घर आले आहे. 'मंजुघोषा'च्या काळी नव्हते, ते आता आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' मध्ये (१९६०) शिंप्याच्या घरातील कौतिक आहे. पोटाची आग सोसून संसार ओढणारी. अण्णाभाऊ साठे यांचा 'फकिरा' १९५९ चा. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' मधील एकनाथ एम.ए., बी.एड. होऊन शेतात राबतो, कारण नोकरीसाठी द्यावयास पैसा नाही. त्या पुस्तकास २००४ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आणि 'कोसला' तर आमच्या खानदेशचीच. भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातील सांगवीचे. १९६३ साली ते पुस्तक निघाले तेव्हा त्यांचे वय पंचवीस. शेतकऱ्याचा पोर पांडुरंग पुण्यास कॉलेजात जातो, बापाचा पैसा उडवितो, शिकतो न शिकतोसा करून परत गावी येतो. बापलेकांमध्ये पैशावरून व शिक्षणावरून जे अंतर पडते त्याची इतकी प्रामाणिक हकीकत आम्हांस दुसरीकडे आढळली नाही. पत्रकर्त्या बंधूंचा मुलगा कोणती कादंबरी वाचत होता हे त्यांनी लिहिलेले नाही. ती 'कोसला' असेल, तर पोर स्वतःच्याच घराची कैफियत वाचीत होता असे समजावे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. कल्पित आणि खरे अशी जी दोन खाती पंडित लोक पाडतात, ती आमच्या लोकांच्या लेखनात टिकतच नाहीत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचा 'उपरा' १९८० चा, लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' व आनंद यादवांची 'झोंबी' ही दोन्ही १९८७ ची. ही सारी आत्मचरित्रे. यांतले काही कल्पित नाही. तरीपण वाचताना जो जीव गुंततो तो कादंबरीसारखाच. शाळेत जाऊ न देणाऱ्या बापाशी झगडणारा 'झोंबी'तला पोर वाचून ज्याचे डोळे भरले नाहीत असा शेतकऱ्याचा मुलगा विरळा. आणि शेजारच्या अमळनेरात मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' कोणत्या खात्यात घालावी? गोष्ट म्हणावी तर घडलेले, आणि हकीकत म्हणावी तर गोष्टीसारखे रचलेले. वाचणाऱ्या आईस या वादाशी कर्तव्य नाही. ती पदराने डोळे पुसते व पुढचे पान उलटविण्यास सांगते.

इतके म्हटल्यावर कोणी असे समजू नये की, मुलांनी गोष्टीच वाचाव्या असे आमचे सांगणे आहे. तसे मुळीच नाही. कादंबरी दुःख दाखविते. त्या दुःखाचा हिशेब ती मांडीत नाही. 'बारोमास' वाचून एकनाथाची कणव येईल, पण कापसाचा भाव कोण ठरवितो, आडत्याच्या पट्टीत हमाली-तोलाई कशी लागते, भाऊबंदकीच्या वाटपात जमिनीचे तुकडे का पडतात, हे कळावयास दुसरी पुस्तके लागतात. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, शेत लहान हीच काही एकटी व्याधी नाही. शेतावर घालावयास भांडवल नाही, औते-जनावरे पुरेशी नाहीत, आणि बसून खाणारी माणसे मात्र शेतावर फार. ती कारखान्यांत गेल्याखेरीज नुसते तुकडे जोडून भागणार नाही. तीन भावांत सहा एकर वाटून घेतलेल्या घरात हा निबंध एकदा वाचून दाखवावा म्हणजे त्याची किंमत कळेल. त्याच डॉ. आंबेडकरांस १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले होते. एक माहितीचे पुस्तक एका विद्यार्थ्याच्या हाती पडले. त्यातून पुढे काय झाले, ते १९५६ साली नागपूरने पाहिले.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, प्रत्येकाचे गावाशी देणेघेणे काय होते, बलुते कसे मिळे, कुणबी त्यात कसा पिचे, हे सारे त्यात आहे. त्यातील कित्येक मते आम्हांस कबूल नाहीत, व कारागिरांविषयी ग्रंथकाराचा कल कोठे कोठे कडवट आहे. तरी आपल्या आजाचा धंदा कशाने बुडाला हे ज्या कारागिराच्या मुलास जाणून घ्यावयाचे आहे त्याने ते पुस्तक वाचून त्याशी भांडावे.

आणि रोजचेच उदाहरण घ्या. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला व हप्त्याचा वाटा पुन्हा शेतकऱ्यावर आला. या दोन्ही गोष्टी शासन निर्णयात, मराठीत, छापून आलेल्या होत्या. किती पदवीधर मुलांनी तो कागद स्वतः वाचून बापास समजावून सांगितला? बहुतेक गावांत लोकांनी दुकानावर, टपरीवर जे ऐकले तेवढ्यावर भागविले. सरकारी कागद वाचणे हाही वाचनाचाच एक प्रकार आहे, आणि त्यास ज्या मेहनतीची सवय लागते ती माहितीच्या, विचाराच्या पुस्तकांनी लागते.

पण येथे मुलांचाच सर्व दोष नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विचाराचे व शास्त्राचे पुस्तक मराठीत मागावयास गेले तर मिळते कोठे? विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ त निघाला, आंबेडकरांचे समग्र लेखन सरकारने १९७९ पासून छापावयास घेतले. ही कामे थोर आहेत. परंतु अर्थशास्त्र, कायदा, मृदाशास्त्र, वैद्यक यांवरचे चांगले पुस्तक अजून इंग्रजीतच असते. पोरास इंग्रजी धड येत नाही व मराठीत पुस्तक नाही. कादंबरी मात्र मराठीत आहे आणि उत्तम आहे. मग पोर कादंबरीकडे गेला तर त्यात नवल ते काय? तहानलेले ढोर जेथे पाणी आहे तेथेच जाते.

आता ज्या पुस्तकाविषयी आम्हांस खरी भीती वाटते त्याकडे वळतो. ते कादंबरी नव्हे आणि विचाराचेही नव्हे. त्याचे नाव गाईड. त्याचा थोरला भाऊ म्हणजे संभाव्य प्रश्नांचा संच. तालुक्याच्या गावोगाव आता अभ्यासिका निघाल्या आहेत; महिन्याचे भाडे भरून खुर्ची मिळते, पंखा मिळतो, शांतता मिळते. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पोरे तेथे खाली मान घालून बसलेली असतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, काय ही वाचनाची आवड! जवळ जाऊन पाहावे तर प्रत्येकापुढे तेच ते संच व तीच ती टिपणे. 'कोसला' कोणी लिहिली, तर नेमाडे. 'असूड' कोणाचा, तर फुल्यांचा. टिकली खूण, पुढचा प्रश्न. पुस्तकाचे नाव पाठ, पुस्तक कोणी पाहिलेले नाही. लग्नाच्या पंगतीत पदार्थांची नावे घोकून उठावे व उपाशी घरी जावे, तसा हा प्रकार आहे.

नोकरीसाठी परीक्षा देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास ते म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आता परीक्षाच फिरली आहे. लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. म्हणजे चार पर्यायांतून एकावर खूण करून भागणार नाही; निबंध लिहावा लागेल, स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडावे लागेल. या बदलाविरुद्ध २०२३ च्या आरंभी पुण्यात हजारो मुलांनी रस्त्यावर येऊन मुदत मागितली, व ती मिळालीही. मुदत मागण्याची पाळी का आली? वर्षानुवर्षे खुणा करण्याची सवय लागली होती, म्हणून. ज्याने दहा कादंबऱ्या व पाच विचाराची पुस्तके मनापासून वाचली आहेत त्यास चार पाने लिहिण्याची धास्ती वाटत नाही. ज्याने नुसती गाईडे वाचली त्यास आपलेच गाव कसे आहे तेही लिहिता येत नाही.

तेव्हा पत्रकर्त्या बंधूंस आमचे उत्तर असे की, दादा, मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेऊ नका. उलट त्यास सांगा की, रात्री जे वाचतोस ते मोठ्याने वाच. अर्धा तास पुरे. तुम्ही ऐका, घरातील माउलीस ऐकू द्या, शेजारी येऊन बसला तर बसू द्या. पुस्तक भिकार असेल तर ते चार पानांतच तुम्हांस कळेल. ज्याने जन्मभर कीर्तने, पोवाडे व तमाशे ऐकले त्याच्या कानास खरीखोटी गोष्ट ओळखता येते, त्यास पदवी लागत नाही. आणि कादंबरी पुरी झाली म्हणजे पुढले पुस्तक माहितीचे आण, असे मुलास बजावा. तेही मोठ्यानेच वाचू द्या. न समजलेल्या जागी त्यास थांबवून अर्थ विचारा. त्यास सांगता आले नाही तर दुसऱ्या दिवशी तो आपल्या प्राध्यापकास विचारील. प्राध्यापकांसही त्याने थोडा व्यायाम होईल.

ही युक्ती आमच्या पदरची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत असे आढळून आले की, बाहेर जाणाऱ्या पुस्तकांत तीन चतुर्थांशाच्या आसपास कादंबऱ्याच असतात. काही जणांनी ओरड केली की, लोकांच्या पैशाने गोष्टी कशाला पुरवाव्या? कादंबऱ्या बंद करा. पण १८९० नंतर पुष्कळ ग्रंथपालांनी शहाणपणाचा तोडगा काढला. वाचकास एकाऐवजी दोन पुस्तके द्यावयाची, मात्र दुसरे पुस्तक कादंबरी असता कामा नये. कादंबरी बंद झाली नाही, आणि दुसरे पुस्तकही घरी जाऊ लागले.

त्याच अमेरिकेतून सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास आणिले व गावोगाव ग्रंथालये उघडली. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या. हे महाराज मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरचे; १८७५ साली बडोद्यास दत्तक गेले तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. शिंदखेड्याहून सुरतेस जाणारी रेल्वे नवापूर ओलांडून सोनगड-व्याऱ्यावरून जाते, तो मुलूख त्यांच्याच राज्यात होता. आमच्या आज्यांच्या काळी त्याच लोहमार्गाच्या पलीकडल्या टोकास खेड्यांना पुस्तके पोचविण्याची व्यवस्था एका शेतकऱ्याच्या मुलाने करून ठेविली होती. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आज सरकारी अनुदान घेणारी ग्रंथालये हजारांनी आहेत. त्यांपैकी कित्येकांस कुलूप असते, कित्येकांत वर्तमानपत्रापुरती माणसे येतात, आणि काही थोडी उत्तम चालतात.

कॉलेजच्या ग्रंथपालांस व गावोगावच्या वाचनालयांच्या पंचांस आमची एवढीच सूचना आहे की, येत्या जूनपासून दोन पुस्तकांचा नियम करून पाहावा. एक कादंबरी किंवा आत्मचरित्र, एक विचाराचे अगर माहितीचे. गाईड या मोजणीत धरू नये. देवघेवीच्या वहीत दोन रकाने आखावे. सहा महिन्यांनी वही उघडून दोन्ही रकान्यांची बेरीज करावी, मुलांची व मुलींची वेगळी. खानदेशातील कोणत्याही कॉलेजाने अथवा गावाने ही बेरीज आम्हांकडे पाठविली तर आम्ही ती गावाच्या नावासह छापू, मग ती लाजिरवाणी असो की अभिमानाची. पाठविणाराने पोस्टकार्डावर लिहिले तरी चालेल.